राजापूरच्या कुंडात तू बोललीस ते

आते, मी वेरावळला पोचले. जेवलीस का, पाणी घेतलंस का, पिशवी पायाशी ठेव, असं विचारणारा तुझा फोन या वेळी वाटेत आला नाही. तरी मी फोन हातातच धरून बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुणाची वाट बघताय का?" मी नाही म्हटलं, आणि मग सगळ्या वाटेत मला त्या बाईचाच राग येत राहिला. तिचा बिचारीचा काय दोष? राग तुझ्यावरचा होता.

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. तुझ्या तेराव्याला मार्केटातल्या बायकांनी तुझं चांगलं तेवढंच काढलं. कुणी म्हणालं, पापलेटाची पारख करावी तर तिनंच. कुणी म्हणालं, तिची हाक ऐकून रिक्षा थांबायच्या. सगळं खरं. मीही डोळे पुसत पानं वाढली. पण तुझं माझं एक बोलणं अर्धं राहिलंय, ते दुसऱ्या कुणापाशी बोलून उपयोग नाही. म्हणून लिहिते. माझं शिक्षण आठवीपर्यंतचं, आणि ते तेवढंच का राहिलं ते तुला ठाऊक आहे. तेव्हा काही चुकलं तर तूच समजून घे.

आई अंथरुणाला खिळली त्या वर्षी तू मला शाळेतून काढलंस. महेशला नाही काढलंस. तो माझा धाकटा भाऊ, तो मुलगा. मी दप्तर कोनाड्यात ठेवलं तर तू म्हणालीस, "तिथे कशाला? खालच्या वर्गातल्या कुणाला तरी दे." एवढंच. मग दुसऱ्या दिवशी पहाटे बंदरावर नेलंस आणि लिलावाच्या गर्दीत माझा दंड घट्ट धरून उभी राहिलीस. कल्ले उघडून बघ. डोळा बघ. पोटावर बोट दाब, खड्डा राहिला तर घेऊ नको. आणि दर सांगताना खाली बघू नको. "तू खाली बघितलंस की गिऱ्हाईक वर चढतं," असं म्हणायचीस. पहिल्या थंडीत बर्फात हात घालून माझी बोटं फुटली, तेव्हा घरी आल्यावर तू स्वतःच्या हातांना तेल लावायच्या आधी माझ्या हातांना खोबरेल लावायचीस. तुझी बोटं तेव्हाच वाकडी व्हायला लागली होती. ती वाकडी बोटं माझ्या तळहातावर फिरायची ते मी कुठे विसरले? खोटं कशाला बोलू, आज इथे कंपनीत कोळंबी सोलण्यावर आणि मासा कापण्यावर माझं पोट चाललंय ते तू शिकवलंस म्हणून.

मग तूच मला इथे दिलंस. मुलगा बोटीच्या इंजिनाचं काम करतो, निर्व्यसनी आहे, तिकडे काम भरपूर आहे. मी म्हटलं होतं, "आते, फार लांब आहे गो." तू कांदा चिरत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "लांब काय, ट्रेन जाते ना? आणि कायमची थोडीच जातेस? माझ्या मागे मार्केटातला माझा ओटा तुझाच हाय. माझं पोरबाळ नाय. यायचं तेव्हा ये आणि बस."

तो शब्द घेऊन मी इथे आले. कुणी विचारलं, इथेच राहणार का, की मी सांगायची, नाही, आमची मार्केटात जागा आहे. इथली भाषा मी कामापुरतीच शिकले. माझी तन्वी शेजारच्या पोरींशी गुजरातीत खेळते तेव्हा मी तिला हाक मारून आत बोलावते, मराठीत बोल म्हणते. घरून अवेळी फोन आला की आधी वाटायचं, तुला काही झालं. तुझी काळजी तर होतीच. पण आता तू ऐकतेयस की नाही कुणास ठाऊक म्हणून सांगते, माझं परत यायचं तुझ्या जिवावर होतं, त्याचीही ती काळजी होती.

आणि मागच्या वर्षी तू तो शब्द कुंडात बसून मोडलास.

हे कधी बाहेरच्या माणसानं वाचलं तर त्याला आपल्या बायकांची ही रीत सांगावी लागेल. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढून शाकारल्या, की मार्केटातल्या बायका एक दिवस राजापूरला जातात. तिथे उन्हाळे गावात गरम पाण्याचा जुना झरा आहे, दगडी बांधणीचं कुंड आणि त्यात गायमुखातून पडणारी वाफाळती धार. वर्षभर ज्यांचे हात बर्फात असतात त्यांनी त्यात बसायचं आणि बोटं सोडवून घ्यायची. "बर्फ काढायला चाललो," असं म्हणत सगळ्या निघतात. ज्या टेम्पोतून मासळीच्या पेट्या येतात तोच टेम्पो धुऊन त्यात सतरंजी घालायची. कितीही धुतला तरी वास जात नाही. लांज्याच्या पुढे कुणी नाक मुरडलं की तू म्हणायचीस, "धीर धर गो, तिथे गेल्यावर गंधकाचा वास येईल, मग आपला बरा वाटेल."

आणि कुंडातला एक नेम. पाण्यात बसलेल्या बाईला उलटून बोलायचं नाही. वर्षभरात कुणी कुणाच्या जागेत टोपली सरकवली, कुणी कुणाचं गिऱ्हाईक हाक मारून ओढलं, ज्या बाईच्या मनात जे असेल ते तिनं पाण्यात बसून बोलायचं. बाकीच्यांनी "हो गो" एवढंच म्हणायचं. बाहेर आल्यावर त्या विषयाला हात लावायचा नाही. तिथे बोललं ते ठरलं. शेवंतीमावशीनं एकदा सांगितलं होतं की तिची नवी विळी तूच नेलीस. तू डोळे मिटून "हो गो" म्हणालीस. पुढच्या हंगामात पहिल्याच दिवशी विळी तिच्या ओट्यावर हजर. तिनं विचारलं, "कुणी आणून ठेवली गो?" तू म्हणालीस, "दर्यानं." केवढ्या हसल्या होत्या सगळ्या. बाहेरून कुणी बघितलं तर म्हणेल वेड्या बायका. पण आपल्या मार्केटात हाणामाऱ्या झाल्या नाहीत त्या यामुळे, हे तूच सांगायचीस.

बंदीच्या काळात इथली कंपनीही बंद असते, म्हणून मी दर वर्षी तुमच्याबरोबर यायची. मागच्या वर्षी तुझे हात फार गेले होते. मूठ मिटत नव्हती. चार पायऱ्या उतरताना एका बाजूने मी, एका बाजूने महेशची बायको नयना. तू धारेखाली बसलीस, मी तुझा उजवा हात मांडीवर घेऊन एकेक बोट चोळायला लागले. पाऊस होता, वाफ होती, समोरची बाईसुद्धा धुरकट दिसत होती. तुझ्या तोंडावर जरा सुख आलं. मला वाटलं, बोटं सुटली. आणि तू म्हणालीस, "ऐका गो बायांनो. माझं आता काय खरं नाय. माझ्या मागे माझा ओटा नयनाचा."

शेवंतीमावशीनं आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "हो गो." मग सगळ्या म्हणाल्या.

मी तुझी करंगळी चोळत होते. चोळतच राहिले. माझे हात थांबले कसे नाहीत, याचं मला अजून नवल वाटतं.

आते, तू मला मुद्दाम तिथे गाठलंस. घरात बोलली असतीस तर मी भांडले असते, हे तुला माहीत होतं. भांडायला तूच शिकवलं होतंस. म्हणून तू अशी जागा बघितलीस जिथे मला तोंड उघडता येणार नाही. आणि कुणाला दिलास? नयनाला. संगमेश्वराकडच्या भातशेतीच्या गावची पोर, महेशनं पसंत करून आणलेली. घरात आली तेव्हा तिला बोंबील कुठून धरायचा ते कळत नव्हतं. हातातून निसटला की किंचाळायची. तू तिला शिकवलंस, ठीक आहे. शिकवलं म्हणून जागा द्यायची? मलाही शिकवलं होतंस.

परतताना तू जणू काही झालंच नाही अशी. नेहमीसारखी राजापूरच्या बाजारात शिरलीस. नेहमीसारखं सांगितलंस की इथपर्यंत गलबतं यायची, वखारी होत्या, इथला माल कुठल्या कुठे जायचा. तन्वीसाठी रिबिनी घेतल्यास. टेम्पोत माझ्या हातात भाकरी आणि जवळ्याची चटणी दिलीस. "खा गो. तोंड का पाडलंयस?" सगळ्या बायका रस्त्याकडे बघायला लागल्या. मी खाल्लं. तुझ्यापुढे न खाण्याची कुणाची टाप होती?

मग इथून फोनवर मी एकदा धीर केला.

"आते, मला एकदा विचारायचं तरी होतंस."

"फोनवर नको गो. येशील तेव्हा बोलू."

"कुंडात नको हां. घरात बोलू."

तू हसलीस. "घरात नयना असते."

"असू दे की."

"बघू. आधी ये तर."

मी वाट बघत राहिले. काय काय बोलायचं ते सोलत सोलत मनात जुळवायची. शेजारची म्हणायची, सुमन, ओठ का हलतायत? बंदी लागायला थोडे दिवस उरले होते. कंपनीच्या हॉलमध्ये फोन नेऊ देत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत कपाट उघडून बघितलं तर महेशचे कितीतरी फोन येऊन गेलेले. मी उलट फोन लावला नाही. आधी गमबूट काढले, हात धुतले, पुसले. तोवर तू होतीस. मग फोन लावला.

मी पोचले तेव्हा राखसुद्धा गोळा करून झाली होती.

हे सगळं तुला माहीत आहे की नाही, मला कळत नाही. पण पुढचं तर नक्कीच माहीत नाही, ते सांगते. तुझं तेरावं झालं आणि मग बायकांची राजापूरला जायची वेळ आली. मी येत नाही म्हटलं. शेवंतीमावशी दारात येऊन उभी राहिली. "चल गो. आते नाय म्हणून तू पण नाय? मग आमी कुणाचं तोंड बघायचं?" मी गेले. नयनाही होती. टेम्पोत आम्ही दोन टोकांना बसलो आणि मधे बाकीच्या, भिंतीसारख्या.

कुंडात त्यांनी मला धारेखाली बसवलं. तुझ्या जागी. पाणी पहिल्यांदा चटकतं ना, तसं चटकलं. मग अंग सैल पडलं. शेवंतीमावशी म्हणाली, "सुमन, या वर्षी पहिलं तुझं. बोल."

सगळ्या माझ्याकडे वळल्या आणि मला कळलं. आते, त्यांनी माझ्यासाठी पाट मांडून ठेवला होता. मी एवढंच म्हणायचं होतं, ओटा माझा, आतेनं आधी मला शब्द दिला होता. सगळ्या "हो गो" म्हणाल्या असत्या. शेवंतीमावशीच्या मनात नयना कधी बसलीच नाही, ती अजून तिला भाताच्या गावची म्हणते. म्हटलं असतं की झालं. नयना समोर गळ्यापर्यंत पाण्यात बसली होती. तिनं मान खाली घातलेली. मागच्या वर्षी मी अशीच दिसले असेन.

शब्द माझ्या तोंडात आला होता. तुला खरं सांगते, गोड लागत होता.

मी उठले. म्हटलं, "नयना, वर ये. मला तुझ्याशी बोलायचंय."

"अगो, बस की," शेवंतीमावशी म्हणाली. "इथेच बोल. वर कशाला?"

"इथे नाही. तिला उत्तर देता आलं पाहिजे."

ओल्या लुगड्यांनी आम्ही दोघी पायऱ्यांवर उभ्या राहिलो. अंगातून वाफ निघत होती आणि वरून पाऊस. मी म्हटलं, "ओटा मला सांगितलेला होता."

"माहीत हाय, ताई. आत्यांनीच सांगितलं होतं मला."

"मग तू नको का नाही म्हणालीस?"

"तुम्ही म्हणालात? पाण्यात होतो ना आपण दोघी."

"वर्षभर पाण्याबाहेर होतीस की."

तिनं पदर पिळला. वर बघितलं, आते, सरळ माझ्या डोळ्यांत. तूच शिकवलेलं. "वर्षभर त्यांची पाठ कोण शेकत होतं? केसाला फणी लावता येत नव्हती त्यांना, भांग कोण पाडत होतं? ब्लाऊजचे हूक कोण लावत होतं? तुम्ही वर्षातनं एकदा येता, बोटं चोळता, आणि सगळ्या म्हणतात, सुमनची माया बघा. मी तुमच्या शेजारीच बसलेली असते, ताई."

मला झोंबलं. खरं होतं म्हणून जास्तच झोंबलं. मी ओरडलेच, "मला लांब कुणी दिलं? मी मागितलं होतं वेरावळ?"

"ते आत्यांना विचारायचं होतंत."

"तेच तर राहिलं ना गो!"

आतून कुणीतरी हाक मारली, "झालं का भांडून? पाणी गार होईल इकडे!" दुसरी म्हणाली, "ता कशानं गार होतंय? इतकी वर्षं झाला नाय." आणि त्या हसल्या. नयनालाही हसू आलं आणि ते तिनं दाबलं. मला नाही आलं.

मग ती हळू म्हणाली, "तुम्हाला यायचं तर या. सरकून बसू दोघी. नायतर पुढे तुम्ही बसा, मी मागे कापून देईन. मला चालेल."

तिला चाललं असतं, याची मला खात्री आहे. ती वाईट नाही, हेच तर अवघड आहे. ती वाईट असती तर मी कुंडातच बोलून मोकळी झाले असते. तिला म्हटलं, "नको. ओटा तुझा. पण आते तुला देताना माझ्याशी नीट वागली नाही, एवढं तू तरी म्हण."

तिनं पुन्हा पदर पिळला. मग म्हणाली, "नाय वागल्या."

आते, माझ्या बाजूनं कुणी काही बोललं असेल तर तेवढंच. ते तुझ्या नयनानं म्हटलं, आणि पाण्याबाहेर उभं राहून म्हटलं.

मी पुष्कळ विचार केला तू असं का केलंस त्याचा. तुझ्या बाजूनंसुद्धा केला. जी जवळ असते तीच शेवटी उपयोगाची, हे तुझं गणित. तुला म्हातारपणी हूक लावायला माणूस हवं होतं. नयना माहेरी रुसून गेली असती, महेशला घेऊन मुंबईला गेली असती, तर तू काय केलं असतंस? तिला धरून ठेवायला तुझ्याकडे त्या ओट्याशिवाय होतं तरी काय? मला हे कळतं. तू तेव्हा सांगितलं असतंस तरी कळलं असतं. रडले असते, चार शिव्या घातल्या असत्या, आणि कळलं असतं. पण तुला माझं रडणं ऐकायचं नव्हतं. मला शाळेतून काढलंस तेव्हाही नव्हतं ऐकायचं. लग्न ठरवलंस तेव्हाही नाही. दर वेळी तू ठरवलंस आणि मग मला खायला दिलंस. मला लांब तूच दिलंस, आते, आणि मी लांब आहे म्हणून वगळलंसही तूच. याचा राग जाईल असं मला वाटत नाही. तेलाच्या हातांची आठवण त्याच्या शेजारीच असते. एकानं दुसरं पुसलं जात नाही, दोन्ही आपापल्या जागी राहतात.

निघायच्या दिवशी नयना स्टेशनवर आली होती. डब्यात भाकरी, सुकट, आणि तुझं एक लुगडं. म्हणाली, "पुढच्या वर्षी यायचं हां, बर्फ काढायला." मी बघू म्हटलं.

इथे आल्यावर मी यांना सांगितलं, खोली बदलायची असेल तर आता बदलू, जरा मोठी बघू, दाराला नीट कडी असलेली. हे माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "तू तर दर वर्षी म्हणतेस, कशाला, जायचंच आहे परत." मी म्हटलं, "आता नाही जायचं." काल तन्वी अंगणात पोरींशी इथल्या भाषेत भांडत होती, मोठमोठ्यानं, हात नाचवून. सवयीनं मी हाक मारायला दारात गेले. मारली नाही. उभी राहून ऐकत होते. अर्धं कळत नव्हतं. पण ती खाली बघत नव्हती.

मग मी शेजारणीला बोलावलं आणि म्हटलं, बेन, मला जरा नीट बोलायला शिकव, भांडता येईल एवढं.